आधी पाणी मुरू द्या, मग मासे आणा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज माशांवर बोलायचे आहे. उत्सवाचे दिवस आहेत, म्हणून आधीच खुलासा करतो, की हे मासे ताटातले नव्हेत, काचेच्या पेटीतले आहेत. आपल्यातील कोकणच्या मंडळींची थोडी निराशा होईल, त्याबद्दल क्षमस्व.

मी मत्स्यशास्त्रज्ञ नाही. रेल्वेत नोकरी केली, निवृत्त झालो आणि लखनौतच राहिलो. पण घरात फिशटँक ठेवताना मी ज्या चुका केल्या त्या दहा घरांना पुरतील इतक्या आहेत. त्या चुकांची फी मी भरलेली आहे, तुम्ही फुकट शिकावे एवढाच हेतू.

लखनौ हे तसे माशांचेच शहर. अवधच्या नवाबांचे चिन्ह माशांची जोडी. जुन्या दरवाजांवर, कमानींवर मान वर करून पाहिले की दोन मासे दिसतातच. उत्तर प्रदेश सरकारच्या बोधचिन्हातही तेच दोन मासे आहेत. चिकनकामातही मासोळी असते. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही १९८३ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था आपल्याच शहरात, दिलकुशाजवळ कॅनॉल रिंग रोडवर आहे. अशा गावात राहून माझ्या घरी मात्र मासे टिकेनात!

२०१७ च्या दिवाळीतली गोष्ट. नातू सात वर्षांचा. त्याला फटाक्यांऐवजी मासे हवे होते. मला फार आनंद झाला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी आणली, रंगीत खडे, हवेचा पंप, फिल्टर, सगळे आणले. दुकानदार म्हणाला, “आज ही लगा लीजिए.” शनिवारी दुपारी नळाचे पाणी भरले आणि संध्याकाळी आठ गोल्डफिश सोडले. घरात काय कौतुक! शेजारीपाजारी बघून गेले.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. आम्हाला वाटले, भूक लागली. आणखी दाणे टाकले. पाचव्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगत होता. दुकानदाराने निळे औषध दिले. ते घातले, पाणी निळे झाले, मासे मरायचे थांबले नाहीत. नवव्या दिवसापर्यंत आठातला एक उरला, तोही दहाव्या दिवशी गेला.

मग मी काय केले? आपण मराठी माणसे, स्वच्छतेचे भोक्ते. पेटी रिकामी केली, साबणाने घासली, खडे उकळत्या पाण्यात घालून गच्चीवर उन्हात वाळवले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. पुन्हा कोरे पाणी, पुन्हा आठ मासे. या वेळी ते आठव्या दिवशी संपले.

नातू रडला नाही. त्याने मला विचारले, “आजोबा, माशांना आपल्या घरात आवडत नाही का?” मंडळी, या प्रश्नाने मला रात्री झोप आली नाही. सोळा जीव आपण हौसेने घरी आणले आणि कारणही न कळता घालवले.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ मत्स्यविज्ञान शिकलेले आहेत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एकच विचारले, “पाणी किती दिवसांचे होते?” मी अभिमानाने म्हणालो, “अगदी ताजे! मासे सोडायच्या दिवशीच भरलेले.” ते म्हणाले, “मग त्यानेच गेले.”

त्यांनी समजावले ते असे. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत बाहेर पडत असतो. न खाल्लेले दाणे कुजूनही अमोनियाच होतो. नदीत, तळ्यात पाणी अफाट, म्हणून तो विरून जातो. पेटीत तो साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो. मासे वर येऊन तोंड उघडतात ते भुकेने नव्हे, त्यांचा श्वास कोंडलेला असतो. आणि आम्ही दाणे टाकून अमोनिया वाढवत होतो!

यावर निसर्गाने उपाय ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्रोसोमोनास आणि त्यांचे भाईबंद हे काम करतात. पण नायट्राइटही विषच. ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, रक्त तपकिरी पडते. मग दुसरे जिवाणू, पेटीत मुख्यतः नायट्रोस्पायरा, त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच सौम्य असते. थोडे पाणी दर आठवड्याला बदलले की ते आटोक्यात राहते, झाडे असली तर तीही ते खातात.

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. नव्या कोऱ्या पेटीत ते जवळजवळ नसतातच, आणि त्यांची वाढ फार सावकाश होते. पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मी स्पंज घासून पिळला तेव्हा घाण धुतली नव्हती, नुकतेच वस्तीला आलेले माशांचे रक्षणकर्तेच धुऊन टाकले होते. त्या निळ्या औषधानेही या जिवाणूंचे नुकसान होते.

घरी येऊन हे सगळे मी सौ.ला सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे विरजण न घालता दही मागत होतात की!”

मंडळी, हे मी आजवर ऐकलेले सर्वांत सोपे स्पष्टीकरण आहे. दूध म्हणजे नवे पाणी, विरजण म्हणजे जिवाणू. विरजण लावून पातेले हलवायचे नाही, घाई करायची नाही. आणि लखनौच्या थंडीत दही लागत नाही, म्हणून आपण पातेले गव्हाच्या पिठाच्या डब्यात ठेवतो, तशी पेटीलाही ऊब हवी.

या शास्त्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता ते कसे टिकतात हे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. अमोनिया पचवणारे जिवाणू वेगळे करून दाखवले ते विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने, १८९० च्या सुमारास. आपल्या मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी शाळेच्या सहलीत तिथे काचेला नाक लावलेले आहे. एवढे सगळे माहीत असूनही दुकानात आजही पेटी आणि मासे एकाच पिशवीतून, एकाच दिवशी मिळतात.

आता आमचा तिसरा प्रयत्न. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. नळाचे पाणी बादल्यांत दोन दिवस उघडे ठेवले, म्हणजे त्यातले क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारायचे औषध मिळते. ते बहुधा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत तेच. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजते आणि जिवाणूंनाही मारते, कारण जिवाणू मारायलाच ते पाण्यात घातलेले असते.

पेटीत हीटर बसवला, तपमान २६ अंशांवर ठेवले. त्या परिचितांच्या जुन्या, निरोगी पेटीतल्या स्पंजचा एक तुकडा ओल्या पिशवीतून आणला आणि आमच्या फिल्टरमध्ये घातला. हे आमचे विरजण. पण विरजणाला दूध हवे. मासे नसताना अमोनिया कुठून येणार? म्हणून रोज चिमूटभर माशांचे खाद्य रिकाम्या पेटीत टाकायचे. ते कुजते, अमोनिया होतो, जिवाणू पोसले जातात. घरकामाच्या बाई विचारत, “बाबूजी, किसको खिला रहे हैं?” काय उत्तर देणार!

अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंबांचे संच मिळतात. नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, रंग जुळवून बघायचा. हे काम नातवाकडे दिले. त्याने त्यासाठी वही केली. साधारण सहाव्या दिवशी अमोनिया वर गेला. बाराव्या दिवसाच्या आसपास तो उतरू लागला आणि नायट्राइट चढले. मध्ये दोन-तीन दिवस पाणी दुधाळ झाले. माझे हात शिवशिवत होते, पण सौ.ने पेटीला हात लावू दिला नाही. ते आपोआप निवळले. सव्वीसाव्या आणि सत्ताविसाव्या दिवशी खाद्य टाकूनही अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नातवाने वहीत दोन्ही शून्यांना लाल वर्तुळ केले.

त्यानंतर तिसरा हिस्सा पाणी बदलले आणि संक्रांतीच्या दिवशी सहा मासे आणले. सहाच. पिशवी न फोडता वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवली, म्हणजे तपमान सारखे होते. मग थोडे थोडे पेटीचे पाणी पिशवीत घातले, आणि शेवटी जाळीने मासे उचलून सोडले. पिशवीतले पाणी मोरीत. दोन आठवडे सगळे ठीक चालले तेव्हा आणखी चार आणले. जिवाणूंची संख्या असलेल्या माशांपुरतीच असते. एकदम पाहुणे वाढवले तर स्वयंपाक पुरत नाही.

कोणते मासे आणले? झेब्रा मासे. अंगावर निळे पट्टे असलेला हा बोटभर मासा परदेशी नाही, तो आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतल्या माशांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. चिवट, आनंदी, थवा करून राहणारा. त्याच ग्रंथात वर्णन केलेला रोझी बार्बही असाच आपल्या भागातला. आपल्या हवापाण्याला सरावलेले मासे नवशिक्याने आधी घ्यावेत. गप्पी, प्लॅटी, मॉली यांनाही आपले जड पाणी मानवते. गोल्डफिश मात्र दिसायला गोजिरा, पण वाढला की वीतभर होतो आणि घाणही फार करतो. त्याला काचेच्या गोल भांड्यात ठेवणे म्हणजे माणसाला न्हाणीघरात कोंडणे.

आता लखनौची खास अडचण ऐका. गोमतीचे आणि शारदा कालव्याचे पाणी शुद्ध होऊन नळाला येते, शिवाय ठिकठिकाणी ट्यूबवेल आहेत. ट्यूबवेलचे पाणी जड, क्षारयुक्त. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, तो गृहिणींना सांगायला नको. अशा पाण्याचा पीएच जास्त असतो. आमच्या नळाचा आठ भरला. पीएच सात असताना २५ अंशांना एकूण अमोनियाच्या हजार भागांतले जेमतेम सहा भाग विषारी रूपात असतात. पीएच आठ झाला की पन्नासहून अधिक. म्हणजे तेवढ्याच घाणीचे विष जवळजवळ दहापट. त्यामुळे पुण्याच्या भाच्याची पेटी घाईने लावूनही निभावली, म्हणून आपली निभावेलच असे नाही. यावर पीएच कमी करायच्या बाटल्या ओतू नका. पीएच वरखाली होण्याने मासे जास्त हैराण होतात. पाणी मुरू देणे हाच उपाय.

इथे बसलेल्यांपैकी काहींनी परवाच पेटी आणून मासे सोडलेले असतील. घाबरू नका. मासे परत करता आले किंवा जुनी पेटी असलेल्या मित्राकडे ठेवता आले तर उत्तम. नाहीतर पुढील गोष्टी करा. पहिले, खाद्य एक दिवसाआड, आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच. मासा दोन-चार दिवस उपाशी राहून मरत नाही, पण जास्त खाद्याने आठवड्यात मरतो. दुसरे, रोज अमोनिया-नायट्राइट तपासा. रंग दिसला की त्याच दिवशी पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, फार चढले असेल तर अर्धे. नवे पाणी क्लोरीन गेलेले आणि त्याच तपमानाचे हवे. तिसरे, हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवा. चौथे, नायट्राइट चढलेले असेल तर लिटरला एक ग्रॅम मीठ, थोड्या पाण्यात विरघळवून, दिवसभरात दोन-तीन वेळा विभागून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आमच्या पेटीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते, म्हणजे पन्नास ग्रॅम. पाणी बदलाल तेव्हा जेवढे काढले तेवढ्यापुरतेच मीठ पुन्हा घाला. पाचवे, या काळात नवा मासा आणू नका. सहावे, फिल्टर नळाखाली कधीही धुऊ नका. पाणी तुंबू लागले तर पेटीतून काढलेल्याच पाण्यात स्पंज हलका पिळा.

औषधाचेही सांगतो. अंगावर साखर पेरल्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो परजीवी रोग असतो, आणि त्याला नेमके औषध आहे. पण नुसते मासे सुस्त आहेत, कोपऱ्यात बसतात, पंख मिटून घेतात, कल्ले लाल दिसतात, एवढ्यावर बाटली उघडू नका. आधी पाणी तपासा. नव्या पेटीत दहातले नऊ आजार पाण्याचेच, असे ते परिचित म्हणतात. माझा अनुभवही तोच.

आपल्या हवेबद्दल दोन शब्द. जानेवारीत इथे पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो. हीटर नसेल तर खोलीतले पाणी पंधराच्याही खाली जाते. मग मासे गारठतात आणि जिवाणूंचे कामही मंदावते. मेजूनमध्ये उलट. लू वाहते, पाणी तापते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम असतो तो ३० अंशांना साडेसातवर येतो. झाकण उघडे ठेवा, पंखा पाण्यावर वळवा, पण बर्फ टाकू नका. आणि बिजली गुल होणे तर आपल्या पाचवीला पुजलेले. सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असू द्या. प्राणवायूवाचून जिवाणूही गुदमरतात. बंद डब्याचा फिल्टर कित्येक तास बंद राहिला असेल तर आतले सडके पाणी टाकून मगच सुरू करा.

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी. मासे नकोसे झाले तर गोमतीत सोडून पुण्य लागत नाही. काच चाटणारा तो काळा, खवल्यांचे चिलखत घातलेला परदेशी मासा लोकांनी असाच सोडला, आणि २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेत सापडला. तो आपल्या देशी माशांच्या मुळावर येतो. नकोसा मासा दुकानात परत द्या, नाहीतर मित्राला द्या.

गोमतीत मासे मरून वर आल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. कारण तेच, आमच्या पेटीतले, फक्त मोठ्या मापाचे. कुजणारे काही पाण्यात पडले की ते कुजताना प्राणवायू खाते. म्हणून विसर्जनाच्या दिवशी हार, दुर्वा, केळीची पाने पाण्यात न टाकता मंडळाच्या निर्माल्य कलशात टाका, आणि मूर्ती मातीचीच आणा. पेटी ठेवायला लागल्यापासून मी नदीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो, हे कबूल करतो.

बाप्पा यायच्या आधी आपण काय करतो? जागा झाडतो, मखर उभारतो, समया घासतो, मगच मूर्ती आणतो. मूर्ती दारात आणि मखर अजून दुकानात, असे कधी होत नाही. येणारा मासा तर बोलूही न शकणारा पाहुणा. त्याच्यासाठी महिनाभर आधी तयारी करणे जड नाही.

संक्रांतीला आणलेल्या त्या सहांपैकी शेवटचा मासा २०२१ च्या पावसाळ्यात गेला. साडेतीन वर्षे जगला, म्हातारा होऊन गेला. नातू तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याने वही काढली, तारीख लिहिली आणि मला म्हणाला, “आजोबा, याला आपल्याकडे आवडलं होतं.”

पेटी अजून चालू आहे. तिच्या स्पंजचे तुकडे आजवर आपल्या मंडळातल्या पाच घरी गेले आहेत. ज्यांना हवे असेल त्यांनी आरतीनंतर भेटावे. विरजणाचे पैसे घ्यायची आपल्यात पद्धत नाही.

गणपती बाप्पा मोरया!